जाखमातेचा मुखडा

कडाव सोडून पेज नदीच्या काठाकाठाने चालत गेलं की भातखाचरांच्या मधोमध एक उंचवटा लागतो. त्यावर जाखमातेचं देऊळ. देऊळ म्हणजे तरी काय, चार दगडी भिंती, वर कौलं आणि आत कमरेइतकी उंच शिळा. या शिळेची पूजा सहदेव गुरवाकडे होती. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे, आणि बापाच्या आधी आज्याकडे.

सहदेव माणूस मोठा मजेचा. लग्नसराईत गावभर पत्रावळी पुरवायचा, बेल-फूल घरोघर टाकायचा, आणि ढोल तर असा वाजवायचा की म्हाताऱ्यांचे पाय हलायचे. एकदा होळीच्या पालखीपुढे वाजवता वाजवता हा उभ्या उभ्या झोपला! पालखी पुढच्या आळीला गेली तरी हा आपला रिकाम्या रस्त्यात ढोल बडवतोय, आणि ठेका जराही चुकलेला नाही. कुणीतरी गदागदा हलवून जागं केलं, तर म्हणतो कसा, "झोप मला लागली रं, हाताला नाय." गाव वर्षभर हसत होतं. बायजा, त्याची बायको, तीही तोंडाला पदर लावून हसायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. ते एक दुःख सोडलं तर घर हसतं होतं.

आता या शिळेची गंमत ऐका. तिला रोज सकाळी तेलात कालवलेला शेंदूर चढायचा, हाताने, पातळ. एका पुटाने काय होतंय? पण पुटावर पूट चढत गेलं, आज्याचा हात, बापाचा हात, सहदेवाचा हात, आणि नुसत्या दगडातून हळूहळू कपाळ वर आलं, नाक आलं, गाल आले. घडवलं म्हणून कुणी नाही. त्या मुखड्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले. लांबून शेतातनं पाहिलं तरी दिव्याच्या उजेडात लखलखायचे.

लढाईचं साल होतं. तिळाचं तेल दुकानातून नाहीसं झालं, रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं. देवीचा शेंदूर कोरडा कसा चढवायचा? सहदेवाने करंजाचं तेल वापरलं. रानात करंजं चिक्कार, घाण्यावर नेऊन गाळून आणलं. "तेल ते तेल," तो बायजाला म्हणाला, "देवी काय वास घ्यायला बसली हाय?" दोन पावसाळे तसे गेले. वरून सगळं ठीक दिसत होतं. पण करंजाचं तेल काही वाळत नाही. श्रावणाची ओल आत शिरली आणि मुखड्याची पाठ दगडापासून सुटत चालली, हे कुणाला कळणार?

सर्वपित्री अमावास्येला सहदेवाने देऊळ धुतलं. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. चांदीचे डोळे घासून पुसून त्याने जागेवर टेकवले आणि अंगठ्याने जरासे दाबले. तेवढ्यात सबंध मुखडा पुढे आला आणि त्याच्या मांडीवर पडून फुटला.

त्याने एक तुकडा उचलून पाहिला. फुटल्या कडेला एकावर एक पुटं दिसत होती, शेंदरी, तांबूस, मधूनच गेरूची एक काळपट रेघ. प्लेगच्या वर्षी शेंदूर मिळेना म्हणून आज्याने गेरू लावला होता, असं बाप सांगायचा. ती रेघ सहदेवाने आज पहिल्यांदा पाहिली. आणि समोर दगड. तोंड नाही, काही नाही.

शेंदराचं कवच आपसूक उतरलं तर गाव आनंद करतं. देवीने कात टाकली म्हणायचं, वाजतगाजत नदीत सोडायचं, नवा शेंदूर चढवायचा. पण हात लागून फुटलं तर तो गुरवाचा दोष. मालोजी पाटील देवळात आले आणि त्यांनी तेवढंच विचारलं.

"उतरलं का उतरवलंस?"

एक शब्द फिरवला असता तर ढोल वाजले असते. पण देवीपुढे उभं राहून खोटं बोलायचं कसं, हे त्या घराण्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

"डोळं बशिवताना हात लागला, पाटील. तेल करंजाचं व्हतं."

"करंजाचं!" पाटील ओरडले. "अरं, ते आमी बैलाच्या खरजेला लावतो! आईला लावलंस?"

घट बसले. पहिल्या माळेला बाया ओट्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच अडल्या. एक म्हणाली, "कुणाची वटी भरू गं? हिला तोंडच नाय." दुसरीने नारळ पायरीवर ठेवला आणि भ्याल्यासारखी मागे सरली.

खोपोलीच्या कारखान्यात कामाला असलेला वाल्मिक सुट्टीवर आला होता. त्याने तोड काढली. "पाटील, खोपोलीला आमी मांडव घालतो. मातीची देवी, वाघावर बसल्याली, आठ हातांची. पेणहून आणू. बायांना बगायला तोंड तर हाय?"

पाटलांनी निवाडा दिला. मांडव पडेल, मातीची देवी बसेल. पण जाखमाता ती जाखमाता. दसऱ्याच्या आत सहदेवाने तिला मुखडा आणावा. आणला तर पालखी नेहमीसारखी देवळातून उठेल. नाही आणला तर पालखी मांडवातून उठेल, आणि यापुढे तिथूनच उठत जाईल.

तिसऱ्या माळेला बैलगाडीतून देवी आली. गुलाबी गाल, लाल ओठ, हातात टिनाची तलवार. रॉकेलच्या चणचणीत वाल्मिकने कुठून गॅसबत्ती पैदा केली ते देवीलाच ठाऊक. सगळी रात्र दिवसासारखी उजळायची आणि बाया त्या तोंडाकडे नुसत्या बघत राहायच्या. पूजेला कर्जतहून भटजी आले. ते बिचारे भले होते. वाटेत सहदेव भेटला तर थांबून म्हणाले, "गुरव, माझं तुमच्याशी वाकडं नाही हो. बोलावलं, आलो." सहदेवाने वाकून नमस्कार केला. रागवायचं तरी कुणावर?

त्याने डोंगरावरच्या ठाकरांकडून मेण आणलं. शेंदूर, मेण आणि थोडं गाईचं तूप कालवून गोळा केला, शिळेपुढे बसला आणि हात उचलला. हात तसाच राहिला. मुखडा कसा होता? रोज सकाळी ज्यावरून हात फिरवला, तो आठवेना! नाक सरळ होतं का बसकं? ओठ मिटलेले होते का? पूजा करताना कुणी टक लावून बघतं थोडंच. तो आपला हात फिरवायचा आणि मनात दिवसभराची कामं मोजायचा.

मग तो गावात विचारत फिरला. पाटील म्हणाले, "कडक व्हती. आमच्या थोरल्या बापासारखी. बगितलं की मान खाली."

म्हातारी भागूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "हसायची रं. माजी दोन पोरं गेली तवा बी जाऊन बगितलं, तरी हसतच व्हती, मेली."

चिंधी कातकरीण मोळी घेऊन चालली होती. तिला देवळात यायची बंदी, सगळा जन्म खालच्या चिंचेपासून पाया पडलेली. "मला काय इचारतो, दादा? आमाला लांबून नुसते डोले दिसायचे. तेवढेच आमचे."

शेवटी त्याने घरी बायजाला विचारलं. चुलीपुढे बसलेल्या बायजाने मान वर केली नाही. "मी कवा वर बगितलं? पोर दे म्हणून पायरीवर डोकं टेकायची. मला पायरी ठावं."

त्याने दिवसरात्र खपून मुखडा केला. दोनदा मोडला, तिसऱ्यांदा केला. आठवायचं सोडून दिलं. डोळे मिटून बसला आणि म्हणाला, मला नसेल ठाऊक, हाताला असेल. हात चालायला लागला, कपाळ आलं, गाल आले, आणि सहदेवाला कितीतरी दिवसांनी रडू आलं, आनंदाचं. आली! हात ओळखतोय! सकाळी त्याने चांदीचे डोळे बसवले. त्या डोळ्यांनी मुखडा असा भरलेला दिसला की तो स्वतःच हात जोडून उभा राहिला.

अष्टमीला त्याने ढोल वाजवून गाव बोलावलं. पाटील आले, वाल्मिक आला, बाया ओट्या घेऊन आल्या. मांडव ओस पडला. बायजा दारात आरती घेऊन उभी. गर्दी आत सरकली आणि सगळे गप्प झाले. सहदेवाला वाटलं, भक्तीने गप्प झाले.

भागूबाई पुढे झाली. आतल्या अंधारात तिला नीट दिसत नव्हतं, अगदी नाकाला नाक लावून तिने पाहिलं. मग वळून तिने दारातल्या बायजाकडे पाहिलं, परत शिळेकडे पाहिलं.

"अगो बाय," ती म्हणाली, "ही तर बायजा!"

कुणाला तरी फिस्सकन हसू आलं, आणि मग सगळं देऊळ हसलं. "गुरवानं बायकू बशिवली रं!" वाल्मिक टाळी देऊन म्हणाला. "अवो देवीबाय, आमाला बी पावा की!" मागून कुणी ओरडलं.

सहदेवाने शिळेकडे पाहिलं. मग बायजाकडे पाहिलं. डावा गाल जरा भरलेला, हनुवटी आखूड, ओठांच्या कडा खाली ओढलेल्या. तेच. अगदी तेच. तीस वर्षं रात्री अंधारात ज्या तोंडावरून हात फिरला, तेच तोंड हाताने काढून ठेवलं होतं. हाताला दुसरं कुठलं ठाऊकच नव्हतं.

हसणं तरी बरं होतं. त्यातून एक बाई पुढे आली, सुनेचा हात धरून. "हसता काय? माज्या सुनेची पयली वटी मी वांझेम्होरं भरू?"

मग कुणी हसलं नाही. बायजाच्या हातातल्या आरतीचं तूप ओघळलं आणि तिच्या मनगटावर पडलं. तिने हात हलवला नाही.

पाटलांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही हे नको होतं. "सहदेवा," ते हळू म्हणाले, "काढ ते. आत्ता. आमच्या डोळ्यांदेखत."

"पाटील, दसऱ्यापतूर दोन दिस हायत. मी दुसरा करतो."

"दुसरा कुणाचा करशील? तुजा हात दुसरा हाय का?"

सहदेवाने करवंटी उचलली. मेण अजून मऊ होतं, लागल्यासरशी निघालं असतं. पण ती हनुवटीपाशी नेऊन तो थांबला. पुढे हात जाईना. एवढं गाव उभं होतं. तेव्हा बायजा दारातून आत आली, गर्दीतून वाट काढत, आणि त्याच्या शेजारी बसली.

"अवो," ती म्हणाली, "डोळं आधी काढा. बगत राहील नायतर."

त्याने डोळे काढले. मग कपाळ खरवडलं, मग गाल. बायजा खाली पडणारे तुकडे ओच्यात गोळा करत गेली. शेवटी दगड उघडा पडला तेव्हा ती उठली आणि एकटीच नदीकडे गेली. ढोल वाजले नाहीत.

दसऱ्याला पालखी मांडवातून उठली. चांदीचे डोळे पाटलांनी पेटीत ठेवले, पुढच्या वर्षी मांडवातल्या देवीला बसवायचे म्हणून. त्या वर्षी मातीची देवी पेज नदीत बुडाली आणि पुढच्या वर्षी पेणहून दुसरी आली, तिचे गाल आणखी गुलाबी होते. लोक म्हणायचे, जाखमाता आता इथेच आली. सहदेव रोज सकाळी शिळेला शेंदूर लावायचा, पातळ, तिळाचं तेल मिळायला लागल्यावर तिळाच्या तेलात. पण नाक यायला आज्याला आणि बापाला दोन जन्म लागले होते, आणि याच्यामागे हात लावायला कुणी नव्हतं. हे त्याला पुरतं कळत होतं. तरी लावायचा. ढोल मात्र त्याने पुन्हा गळ्यात घातला नाही, आणि त्याची कुठली गोष्ट सांगून गाव पुन्हा हसलं नाही.

बायजाने त्या अष्टमीपासून पदर पुढे ओढला तो ओढलाच. पाणवठ्यावर, शेतात, घरात चुलीपुढेसुद्धा. नवऱ्याला भाकरी वाढताना हनुवटीपर्यंत पदर. तो म्हणायचा, "आता घरात कोण हाय गं?" ती म्हणायची, "तुमी हाव की."

स्वराज्य आलं त्या पावसाळ्यात ती तापाने गेली. बायांनी तिला न्हाऊ घातलं, तिचंच जुनं हिरवं लुगडं नेसवलं, आणि शेवटचं पाणी घालायला सहदेवाला पुढे बोलावलं. भागूबाई आता पार वाकली होती, तिने तोंडावरचा पदर काढायला हात पुढे केला.

"राहू दे," सहदेव म्हणाला. "वरनंच घालतो. तिला आवडायचं नाय."

त्याने पळीने पदरावरूनच पाणी सोडलं. विरलेलं लुगडं भिजलं आणि तोंडाला चिकटलं, आणि खालून भरलेला गाल, आखूड हनुवटी, खाली ओढलेले ओठ एकेक करून वर उमटले. सहदेवाने पळी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाया म्हणाल्या, बग बाबा, परत दिसायची नाय. त्याने मान वळवली नाही. उचलून नेईपर्यंत तो भिंतीकडेच बघत उभा होता.