नलूचं क्रोटन

माधवण्णा गेल्याचं मला कारखान्याच्या बसमध्ये कळलं. बसवनगुडीच्या थांब्यावर मी चढलो, खिडकीशी त्याची जागा रिकामी दिसली, आणि ड्रायव्हरनं मान न वळवताच सांगितलं की जयनगरचे नकाशेवाले राव काल संध्याकाळी गेले, हार्ट. वाईट वाटायच्या आधी मला राग आला. आज दीड महिना झाला, अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मीही चांगलंच बोलणार आहे, पण रागावून. पंधरा वर्षं ह्या माणसावर मी माया केली तीसुद्धा बहुतेक रागावूनच केली.

आम्ही दोघं एकाच ड्रॉइंग ऑफिसात, शेजारशेजारच्या फळ्यांवर. दोघांच्याही घराण्यांना इकडं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड ह्यात काही वेगळं वाटेनासं झालेलं. जयनगर नुकतं वसत होतं तेव्हा माधवण्णानं तिथं दोन खोल्या आणि एक व्हरांडा घेतला. खोल्यांकडं त्यानं नंतर कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. व्हरांड्यात मात्र चाळीसएक कुंड्या आणि रॉकेलची कापलेली डबडी, आणि त्यांत फूल म्हणून एक नाही. नुसती पानं. क्रोटन, कोलियस, पावसाळ्यात कॅलेडियम. कॅलेडियमची पानं दिवाळीनंतर गळून गेली की त्याचे कंद तो कोरड्या वाळूत झोपवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात उठवायचा. शेजारणी म्हणायच्या, राव, देवाला वाहायला एक फूल नाही तुमच्याकडं, काय उपयोग ह्या रंगीत भाजीचा? तो हसायचा. क्रोटनचा चीक कपड्याला लागला की तो डाग जात नाही, त्यामुळं त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर तपकिरी शिंतोडे असत. साहेबासमोरही तो तसाच उभा राहायचा आणि लाज मला वाटायची.

क्रोटनला बी धरतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं, कारण सगळे फांदीच लावतात. फांदी लावली की झाड हुबेहूब आईसारखं होतं. बी लावलं तर काय निघेल ते सांगता येत नाही. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, नलूला, ह्याचंच वेड. कान तुटलेल्या एका कपात तिनं तीन बिया पेरल्या आणि रोज शाळेतून आली की आधी कपात बघायची. महिना व्हायच्या आत घटसर्पानं तिला चार दिवसांत नेलं… तिचे दिवस झाले त्याच आठवड्यात कपात एक कोंब वर आला.

दोन वर्षं ते रोप नुसतं हिरवं होतं. मी मनात म्हणायचो, देवा, निदान एवढं तरी बरं निघू दे. तिसऱ्या वर्षी रंग धरला. कोवळं पान पोपटी, मग शिरा पिवळ्या, आणि पान जून होत गेलं की देठापासून टोकापर्यंत गुलाबी. असं क्रोटन मी तोवर पाहिलं नव्हतं आणि माधवण्णानंही नव्हतं. तो त्याला नलूच म्हणायचा. आज नलूला दोन पानं आली, आज नलूला गार वारं लागलं, असं बसमध्ये सगळ्यांदेखत बोलायचा. त्याची बायको शारदक्का त्या कुंडीला पाणी घालायची, पण नाव घ्यायची नाही. मुलगी गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं.

आता माझ्या रागाचं मूळ सांगतो. माधवण्णाच्या घरात एक नेम होता, त्याच्या आईपासून चालत आलेला. झाडाची फांदी कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर झाड रुसतं आणि वर्षात जातं, अशी समजूत. दूधवाला, पोस्टमन, रस्त्यावरून जाणारी कुणीही बाई, मागेल त्याला हा चाकू घेऊन उभा. मी म्हणायचो, अरे, उद्या कुणी घर मागेल. तो म्हणायचा, घर रुसत नाही.

आणि मी, शहाणा, एका रविवारी एका नर्सरीवाल्याला त्याच्या व्हरांड्यात घेऊन गेलो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्यानं दुसऱ्याचं नाव पुसलं, तेव्हा त्याचंही छापून यायची गरज नाही. माझ्या मित्राची कला जाणत्या माणसानं बघावी, एवढाच माझा हेतू. दुसऱ्या कुणाला दोष कसा देणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो सगळ्या कुंड्यांपुढून भरभर गेला आणि नलूपाशी थांबला. गुडघ्यावर बसून त्यानं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि एक फांदी मागितली. माधवण्णानं नलूची कुंडी जरा आपल्याकडं ओढली. मग म्हणाला, फांदी कशाला, गुटी बांधून देतो, मुळं धरली की न्या. चार-सहा आठवड्यांनी तो माणूस न्यायला आला तेव्हाही मी होतो. माधवण्णानं कुंडी त्याच्या हातात दिली आणि हात धुवायला म्हणून जो आत गेला तो बाहेर आलाच नाही. फाटकाशी मीच नर्सरीवाल्याला सगळं सांगितलं. मुलीचं सांगितलं, कपाचं सांगितलं, आणि म्हटलं की ह्या झाडाचं नाव नलू, बाकी आमचं काही मागणं नाही. तो सरी, सरी, बरं, बरं म्हणाला आणि छातीवर हात ठेवला.

तीन वर्षांनी, ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनात, आम्हाला नलू भेटली. एक नाही, वीस कुंड्या, पायरीपायरीनं मांडलेल्या. पुढं इंग्रजीत पाटी, ‘गोल्डन डचेस’, आणि खाली आमच्याच नर्सरीत तयार केलेली नवी जात, असा मजकूर. पाटीवर पहिल्या बक्षिसाची फीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी परीक्षकांना गाठायला निघालो तर माधवण्णानं माझा दंड धरला. पाटी त्यानं दोनदा वाचली. मग पुढच्या कुंडीतली माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

“पाणी स्वल्प जास्त होतंय,” एवढंच म्हणाला.

बसनं परत येताना मी त्याला वाटेल ते बोललो. तू भित्रा आहेस म्हणालो. तुझ्या पोरीचं नाव एका माणसानं भर बाजारात पुसलं आणि तू माती चोळत बसलास, असंही म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला की भांडलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, नलू कोण, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं… मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. चार महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. त्याच चार महिन्यांत जयनगरात नवी घरं झाली आणि ज्याच्या त्याच्या दाराशी ‘डचेस’ दिसायला लागली. माधवण्णा संध्याकाळी फिरायला जाताना प्रत्येक फाटकाशी जरा थांबायचा. ते दिसलं की मला आणखी राग यायचा.

तो गेल्यावर अकराव्या दिवशी नर्सरीवाला भेटायला आला, मोठा हार घेऊन. मी तिथंच होतो. पाच वर्षं मनात घोळवलेलं सगळं जिभेवर आलं होतं, पण सुतकाचं घर म्हणून दात आवळून बसलो. तो दोन मिनिटं टेकला, राव फार मोठ्या मनाचे होते म्हणाला, आणि व्हरांड्यात निघता निघता त्याची नजर कोपऱ्यातल्या एका रोपावर गेली. नलूच्याच बियाचं ते, काळपट पानांवर नारिंगी ठिपके, माधवण्णानं गेल्या वर्षी वाढवलेलं. माणसाला लाज नसावी म्हणजे किती नसावी… त्यानं शारदक्काकडं फांदी मागितली. कन्नडमध्ये, अम्मा अम्मा करत.

मी उठलोच. तिनं हातानंच मला थांबवलं. आत जाऊन चाकू आणला, रोपाला एकच शेंडा होता तो कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. ह्याचं काही नाव ठेवलंय का, असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. मग चाकू पुसत, अगदी साध्या आवाजात, त्याला कळावं म्हणून कन्नडमध्येच तिनं विचारलं,

“तुमच्याकडं आमची नलू आहे ना? थंडीत तिला आत घेता ना?”

तेरा वर्षांनी ते नाव त्या घरात तिच्या तोंडून निघालं, आणि ते ह्या माणसापुढं. तो पायांकडं बघत राहिला. मग हो म्हणाला. नाव घेऊन म्हणाला नाही, नुसतं हो. आणि फांदी घेऊन गेला, ठेवून गेला नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्याच्या नर्सरीत जातो. दारातल्या माणसाला मोठ्यानं विचारतो, नलू आहे का. तो म्हणतो, असं झाड आम्ही ठेवत नाही. माझ्या कोपराला लागून तिच्या कुंड्यांची ओळ असते. मी बोट दाखवत नाही, वाद घालत नाही. गेल्या रविवारी मालक आत खुर्चीवर होता, त्यानं ऐकलं आणि वर बघितलं नाही. पुढच्या रविवारी परत विचारणार आहे.