खाऱ्या पाण्याचा कुत्रा

सापगावची जना कोणाला भिणाऱ्यातली नव्हती. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन माहेरी आली आणि बापाने मरताना दिलेला भातसा नदीच्या काठच्या जमिनीचा अर्धा तुकडा तिने एकटीने पिकवला. उरलेला अर्धा भावाचा, कुंडलिकचा. पण तो कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये. त्याच्या हिश्श्याची लावणीसुद्धा जनाच करायची. भावावर तिचा भारी जीव.

कुंडलिक गोष्टी सांगण्यात वस्ताद. एका दिवाळीत त्याने काळ्या कुत्र्याची गोष्ट आणली. वासराएवढा कुत्रा पाण्यातून वर येतो, अंग झटकतो, आणि ज्याच्या तोंडावर ते खारं पाणी उडेल तो वर्षाच्या आत जातो. "आपल्या नदीवर बघितलाय लोकांनी," म्हणाला. गाव हसलं, पण नदीवर एकटंदुकटं कोणी जाईना.

सत्त्याण्णव साली कापणीच्या दिवसांत, उन्हं कलताना, एक काळा कुत्रा खरोखरच नदीतून वर आला आणि जनाच्या अंगाशीच त्याने अंग झटकलं. पाणी तिच्या तोंडावर उडालं. विळा टाकून ती रजेवर घरी आलेल्या भावाकडे धावली.

कुंडलिकने एकच विचारलं, "पानी खारट लागलं का गो?"

जनाने ओठांवरून जीभ फिरवली. "व्हय रे. खारट हाय."

त्याने कपाळाला हात लावला. चार दिवसांनी हळूच विषय काढला. "पोर नऊ वर्सांची. तू गेलीस का तिचे चुलते जमिनीवर येऊन बसतील. माज्या नावावर हक्कसोड करून दे. तिच्या लग्नात तिला परत करीन. बापाची आन."

मरणाच्या भीतीपेक्षा पोरीची काळजी मोठी. शहापूरच्या कचेरीत जनाने अंगठा उठवला.

वर्ष सरलं, जना काही मेली नाही. "देवीला नवस बोललो होतो मी," कुंडलिक म्हणाला, आणि ही वेडी त्याच्या पाया पडली! पुढे आठ वर्षं त्याच जमिनीत राबली.

पोरीचं लग्न ठरलं त्याच वर्षी त्याने सगळी जमीन बंगले बांधणाऱ्या एका शहरवाल्याला विकली. जनाने आणेची आठवण करून दिली, तर म्हणतो, "कागदावर पोरीचं नाव हाय का?"

तरी तिने भांडण काढलं नाही. भाऊ बदलला, एवढंच तिने मनाला सांगितलं. पण लग्नाच्या मांडवात एक काळं कुत्रं शिरलं आणि कुंडलिकच्या गँगमधला म्हातारा महिपत हसत सुटला. "आला बग तुज्या भावाचा कुत्रा! अगो, विलायतेची गोष्ट ती. आमाला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलेली. तिकडं समुद्राकाठी दिसतो, म्हनून तर पानी खारं."

जनाच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. भातसेचं पाणी ती जन्मापासून पीत आली होती. दिवसभर कापणी केलेल्या बाईच्या ओठांवर घामाशिवाय काय असणार? आणि भावाने विचारलं, तेव्हा ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जमीन गेली त्याहून, आपण त्याच्या पाया पडलो हे तिला जास्त लागलं.

भाऊबीजेला कुंडलिक दरवर्षीसारखा नवा शर्ट घालून पाटावर बसला. जनाने निरांजन पेटवलंच नाही. नदीचं तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"पी रे दादा. आनि सांग, खारट लागतं का?"

कुंडलिकने तांब्याला हात लावला नाही.