मिठातला पुरावा

माझ्या भोई दोस्ताइतका हट्टी माणूस अख्ख्या चिकलठाण्यात झाला नाही, आणि हे मी म्हणतोय, ज्याला बायको जन्मभर धोंडा म्हणत आली. मासे धरणं हा त्याचा धंदा. पण जाळ्यात आलेल्या माशाचा कल्ला बोटानं उचलून तो आधी आत बघायचा, हकीमानं रोग्याची जीभ बघावी तसा. कल्ला लालभडक दिसला की "तब्येत झकास!" म्हणायचा आणि त्या तब्येतवाल्याला खुशाल टोपलीत टाकायचा. मासा लहान असला तर परत पाण्यात, वर निरोप, "आईला सांग, मी इचारलं म्हणून." मी मेंढरं पाण्यावर नेली की माझ्यावर डाफरायचा, "ए मेंढक्या, खालच्या अंगाला पाज! हितं लेकरं निजल्यात." लेकरं म्हणजे माशांची पिल्लं.

मग वरच्या अंगाला एका कारखान्यानं आपलं घाण पाणी नाल्यातून नदीत सोडलं. पाणी एक दिवस चहासारखं, दुसऱ्या दिवशी फेसाळ. मासे वर येऊन तोंड वासायला लागले. अंगावर फोड, कल्ले पांढरेफटक. एका सकाळी तर मरळीसुद्धा उलट्या तरंगत होत्या. मरळ म्हणजे वर येऊन हवा घेणारा, नदी आटली तरी चिखलात दिवस काढणारा मासा. ती मेली तर पाण्यात काय आहे ते कळायला शाळा लागत नाही.

आम्ही पाणी तपासणाऱ्या सरकारी साहेबाकडं गेलो. साहेब म्हणाला, "मेलेले मासे जपून ठेवा, तपासायला येतो." दोस्तानं ते भोयाच्या रीतीनं जपले. चिरले, मीठ भरलं, वाळवले, बरणीत घातले आणि बरणी नेऊन ठेवली देव्हाऱ्यात. वहिनी कडाडल्या, "देवापुढं सुकट ठेवत्यात व्हय?"

"सुकट नाय ती. पुरावा हाय."

साहेब दीड महिन्यानं आला, नाकाला रुमाल लावून. बरणीत डोकावला आणि म्हणाला, "यात नुसतं मीठ आहे, बाबा. मिठानंच मेले असतील."

"मग समुद्रातले कशावर जगत्यात, साखरंवर?" दोस्त म्हणाला.

कारखान्याचा माणूस मागं उभा राहून हसत होता. साहेबानं हा सवाल काही कागदावर घेतला नाही. त्याला कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. तो राग माझ्या पोटात अजून आहे, आणि मी तो काढणार नाही.

त्यानंतर दोस्तानं जाळं खुंटीला टांगलं. नदीत जगलेल्या चार मरळी तेवढ्या घागरीतून माझ्या माळावरच्या विहिरीत आणून सोडल्या. "खाऊ नको बरं, मेंढक्या. बी हाय हे. नदी बरी झाली की लागंल."

नदी बरी झाली नाही. तो मात्र गेला. मी रोज सकाळी विहिरीत कणकेच्या गोळ्या टाकतो. श्वास घ्यायला एखादी काळी पाठ वर येते. मी वाकून कल्ला बघायला जातो, पण विहीर खोल, आणि माझी नजर काही त्याची नव्हं. तरी "तब्येत झकास" एवढं मोठ्यानं म्हणतो, आणि मगच मेंढरं सोडतो.