अंड्यांना घातलेला वळसा

आत्याचं बोलणं सरळ, चालणं वाकडं. चाळीस वर्षं माळावर मेंढ्या राखल्या. दहा पावलं गेली की डावीकडे, मग उजवीकडे. मेंढ्यांनाही तीच खोड लागलेली.

माळावर सौर प्रकल्प यायचा ठरला. पर्यावरणाच्या पाहणीला शहरातून एक बाई आल्या, तेव्हा वाट दाखवायला भाच्यानं आत्यालाच पुढं केलं. बाई चार दिवस तिच्या पावलावर पाऊल टाकत चालल्या. पाचव्या दिवशी आत्यानं वाटाड्या म्हणून कागदावर सही केली आणि भाच्याला प्रकल्पावर पहारेकऱ्याची नोकरी तोंडी कबूल झाली. आईवेगळं पोर, तिनंच वाढवलेलं. तिला वाटलं, चला, एक घोर मिटला.

तीन आठवड्यांनी शाळेत सुनावणी झाली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. अधिकारी अहवाल वाचत होते. "पक्षी उडताना दिसले, पण जमिनीवर घरटं एकही आढळलं नाही."

"असं कसं?" आत्या कुजबुजली. "टिटव्यांची अंडी पसरलीत तिथं."

"चार दिवसांत दिसलं का एक तरी?" भाचा म्हणाला. "मग गप बस ना."

तिनं ते चार दिवस मनात पुन्हा चालून पाहिले. टिटवी उघड्यावर, खड्यांत अंडी घालते. पाय पडू नये म्हणून आत्या लांबूनच वळसा घालते, न बघता, न थांबता. आणि बाई तर तिच्याच मागं होत्या.

ती उठली.

"आत्या, मेंढ्यांनाही बोलवायचं का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"बोलव. तुझ्यासारख्या मध्ये मध्ये ओरडत नाहीत त्या."

अधिकाऱ्यांनी कागद वर धरला. "मावशी, सही तुमचीच ना?"

"माझीच. चूकही माझीच. बाईंना मी अंडी चुकवून फिरवलं. मुद्दाम नाही, साहेब. पायांची सवय."

लोक हसले. पाहणीच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. परवा पुन्हा पाहणी करायची, या वेळी दोरी ताणून सरळ रेषेत, असं ठरलं. घरटी निघाली तर प्रकल्प दुसरीकडे हलणार होता.

घरी भाच्यानं ताट बाजूला सारलं. "अंड्यांवर पाय पडू नये म्हणून माझ्या पोटावर दिलास."

आत्यानं ताट झाकून ठेवलं.

ठरल्या दिवशी दोरीचं एक टोक बाईंच्या हातात होतं, दुसरं पुढं भाच्याच्या. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळणार होती. आत्या दोरीला धरून पुढं चालत होती. सरळ चालताना तिला परक्याच्या जोड्यात पाय घातल्यासारखं वाटत होतं. शंभरेक पावलांवर टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. समोर खड्यांत चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची.

बाई अजून मागं होत्या, वहीत डोकं घालून. भाच्यानं अंडी पाहिली. "आत्या," तो हळूच म्हणाला, "वळ ना. रोज वळतेस तशीच."

पाय वळायला लागलेच होते. तिनं ते रोवून धरले.

"बाई," तिनं हाक मारली. भाच्याकडे तिनं पाहिलं नाही. "इकडं या. जपून पाय टाका."