फाउंड्रीवाल्यांचा हॉल

शिरोलीच्या एका फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचे, ते मालक होते. राजेमहाराजांच्या तसबिरी बघायची सवय असलेल्या आमच्या कोल्हापुरात त्यांनी स्वतःच्या पैशानं नव्या चित्रकलेसाठी हॉल बांधला होता. मी तिथं नेहमी जायचे. ते दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारायचे, "पावणं, आत या की! बघायला काय जातंय?" स्वतः मात्र चित्रांपेक्षा बघणाऱ्यांची तोंडंच बघत बसायचे.

माझं पहिलं प्रदर्शन तिथंच लागलं. चित्रांत नुसते रंगांचे पट्टे होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आईशिवाय कुणी फिरकलं नाही. रडू आवरत मी चित्रं उतरवायला लागले.

"हात लावू नगा, ताई!" ते ओरडले आणि स्कूटर काढून निघून गेले.

थोड्या वेळानं ते परतले आणि मागोमाग फाउंड्रीचा ट्रक दारात थांबला. कामाची पाळी सुटलेले कामगार अंगावरच्या काळ्या मातीसकट आत आले आणि तांबड्या पट्ट्यांच्या चित्रापुढं थबकले.

"ही आपली भट्टी हाय."

"भट्टी कसली? मिरच्या वाळत घातल्यात!"

मी समजावून सांगायला पुढं झाले, तर मालकांनी मला मागं ओढलं. "तुम्ही गप बसा."

बघता बघता दोन तट पडले. आवाज इतका चढला, की कसली मारामारी चाललीय म्हणून रस्त्यावरची माणसं आत घुसली आणि तीही भांडू लागली.

मालकांचा चेहरा नुसता फुलला होता. "भांडाय लागली की माणसं!" ते म्हणाले. "जमलं तुमचं, ताई!"