लसणाची चटणी, वाटून

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आमच्या ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. जिल्हा आला, साहेब आले, जीपगाड्या आल्या; पाणी तेवढं आलं नाही. पावसानं दगा दिला होता आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

अशा दिवसांत मी आईला बिलोलीहून आमच्याकडे आणलं. मुदतीचा ताप उतरला होता, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. पेज समोर ठेवली की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या." सांगायला काय जातं!

एका सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "बाई, लसणाची चटणी कर. वाटून. भाकरीसंगं खाते."

मला कोण आनंद झाला! सोलून सोलून नखं चुरचुरायला लागली तरी मी थांबले नाही. पण आमचा पाटा पार गुळगुळीत झालेला. वरवंटा पुढे नेला की पाकळ्या बाजूला सटकायच्या, माझ्याशी शिवाशिवी खेळल्यासारख्या. शेवटी खलबत्त्यात कुटून दिलं. आईनं बोटानं दाबून पाहिलं.

"हे ठेचलंय. म्या वाट म्हनलं व्हतं."

आमच्याकडे लसूण चिरणं, ठेचणं आणि वाटणं ही तीन वेगळी कामं आहेत, एकाची चव दुसऱ्याला येत नाही. माझ्या पुण्याच्या जावेला हे अजून पटलेलं नाही, पण ती बटाट्याच्या भाजीतही साखर घालते.

घरमालकीणबाईंनी त्यांचा नवा मिक्सर दिला. वीज इतकी मंद की तो नुसता घुमायचा. दोन चमचे पाणी घातल्यावर फिरला आणि पांढरा उग्र लगदा करून बसला. आई वासानंच मागं सरकली. मला रडू यायला लागलं. जिनं मला भरवून मोठं केलं, तिला साधी चटणी देता येईना.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईची आरोळी आली. मी धावत जाऊन तिला आणलं. तिनं छिन्नीनं ठोकून पाट्याला छान खरबरीत केलं. पण टाकी लावलेल्या पाट्यावर लगेच काही वाटता येत नाही, दगडाची कच निघते. खडेमीठ घालून रगडायचं, धुवायचं, पुन्हा रगडायचं, पुन्हा धुवायचं. घरात अर्धा रांजण पाणी, तेही प्यायचं. ओल्या फडक्यानं पुसून चटणी केली आणि आधी स्वतः चाखली, तर दाताखाली कचकच. फेकून दिली आणि टँकरची वाट बघत बसले. दुसरं काय करणार? आई रोज विचारायची, "झाली का गं?" आणि रोज आणखी वाळलेली दिसायची. मला सगळ्यांचा राग यायचा, जिल्ह्याचा, आभाळाचा, आमच्या ह्यांचासुद्धा.

टँकर आला तेव्हा पदर खोचून भांडले आणि हंडाभर पाणी जास्तीचं मिळवलं. पाटा मीठ घालून रगड रगड रगडला, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत धुतला. मग लसूण, वाळल्या मिरच्या आणि जिरं घेतलं. यावेळी एकही पाकळी सटकली नाही. गरम भाकरीवर चटणी आणि तेलाची धार घालून मी ताट आईपुढे ठेवलं.

तिनं घास घेतला, हळूहळू चावला.

"कशी झालीय, माय?"

"लई बेस. मीठ बी येकदम बरोबर हाय. तू इतकं काहून करायलीस माझ्यासाठी?"

तिनं दुसरा घास घेतला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. स्वयंपाकघरात येऊन पाट्याला चिकटलेली चटणी बोटानं पुसून तोंडात घातली. अळणी होती. सकाळपासून पाट्यावर मीठच रगडत होते, त्या भरात चटणीत घालायचंच राहिलं होतं.

आईच्या जिभेला काहीच लागत नव्हतं. ती माझ्यासाठी खात होती. मी मिठाची बरणी हातात घेऊन उभी राहिले. आता मीठ वाढायला गेले, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं.