पर्णवटवट्याचं मौन

समस्त पक्षीप्रेमी बंधुभगिनींना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, येडशीच्या रामलिंग अभयारण्यातले पर्णवटवटे यंदा मुके झाले आहेत.

दिवाळीपासून मी ही घोषणा आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर दर आठवड्याला करत होतो. पर्णवटवट्या म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, चिमणीहून लहान, हिरवट पक्षी. आमच्याकडं त्याचे दोन प्रकार उतरतात. पाठ तीच, फिकट भुवई तीच, पंखावरची बारीक रेघही तीच. त्यात एका फांदीवर क्षणभर टिकत नाहीत. फोटोत नुसती पानं येतात. खरा फरक आवाजात. एक 'चिस्-ली' असं दोन तुकड्यांत बोलतो, दुसरा एकच बारीक शीळ ओढतो. ग्रुपमधल्या पोरांकडं हातभर लांब लेन्स, माझ्याकडं दोन कान. वीस वर्षं त्या कानांच्या जोरावर मी पाटीलकी केली. मी मान हलवल्याशिवाय यादीत नाव चढत नसे.

यंदा मात्र माझ्या वहीत एकच वाक्य: 'दिसला, बोलला नाही.' वर बघून बघून मान आखडली, गुडघे बोलू लागले, पक्षी बोलेना. पोरं आता मला न विचारताच नावं लिहायला लागली होती. म्हणून ठरवलं, एकानं तरी तोंड उघडल्याशिवाय उठायचं नाही.

त्या सोमवारी बायको रामलिंगाच्या दर्शनाला सोबत आली. दर्शन उरकून मी लिंबाखाली बसलो. वर पक्षी नाचत होता. तिनं भाकरी-ठेच्याचं गाठोडं सोडलं. तास गेला.

"कशाची वाट बघायलाव?"

"त्यानं बोलायची."

"आन् न्हाय बोललं तर?"

"तर वहीत मौन लिहायचं."

"गाडीवर हाडं खिळखिळी करून मौन लिहायला आणलाव व्हय मला?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. देवळातली घंटा ऐकू आली, माकडांची भांडणं आली, हिच्या बांगड्यासुद्धा आल्या. झाडावरून काहीच नाही. वही उघडून लिहायला घेतलं: 'दिसला, बोलला...'

तिनं वाकून वाचलं. घास हातातच राहिला.

"अवं, बसल्यापासनं वरडायलंय की ते, तुमच्या डोक्यावरच!"